बापाचे आयुष्य दोन वाक्यांत संपू नये

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील एका ज्येष्ठ उपासकांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वय वर्षे 86. विहाराचे सभागृह भरले होते. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिले, परित्राणपाठ झाला. नंतर आदरांजलीची भाषणे सुरू झाली. पहिले वक्ते म्हणाले, "ते अत्यंत कष्टाळू होते, मनमिळाऊ होते." दुसरे म्हणाले, "कष्ट करून त्यांनी मुलांना शिकवले." तिसऱ्यांनीही तेच सांगितले. चौथ्या वक्त्यांनी तर "वेळेअभावी थोडक्यात बोलतो" असे म्हणून तेवढेही सांगितले नाही. मग खीर-जेवण झाले आणि लोक आपापल्या घरी गेले.

चालत घरी येताना आमच्या मनात सारखे येत होते, की 86 वर्षांचे आयुष्य आणि शिल्लक काय, तर दोन वाक्ये! कुठल्या गावाहून ते पुण्यात आले? कोणाच्या आधाराने आले? पहिली रात्र कुठे काढली? पहिला पगार किती, आणि त्यातून घरी काय आणले? कोणालाच माहीत नव्हते. त्यांच्या थोरल्या मुलाला आम्ही हळूच विचारले, तर तोही म्हणाला, "बाबांनी कधी सांगितलं नाही, काका. आम्हीपण कधी विचारलं नाही."

वाचकहो, त्या मुलाला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमच्या स्वतःच्या घरातही तेच झाले आहे. ते पुढे सांगणारच आहोत. त्याआधी एका कष्टकरी बापाची आठवण करून देतो. त्याचे आयुष्य दोन वाक्यांत संपले नाही, कारण ते त्याने स्वतःच लिहून ठेवले.

ओझरचा दामू

नाशिकजवळच्या ओझर गावचे दामोदर रुंजाजी जाधव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात महारवाड्यात वाढलेले हे पोर. वडील लवकर गेले. आईने मुलांना घेऊन मुंबई गाठली. मुंबईत दामूने वर्तमानपत्रे विकली. पुढे रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाच्या घरी, त्याच्या लहान मुलीबरोबर खेळण्याचे काम त्याला मिळाले. शाळा अशी जवळजवळ नाहीच. जे काही वाचायला-लिहायला आले ते इकडून-तिकडून, कामे करता करता.

मोठेपणी दामू गावी परतला तेव्हा घराण्याच्या वाट्याला येसकरीची पाळी आली. आजच्या मुलांना येसकरी म्हणजे काय हे सांगावे लागेल. महार वतनात गावकीची जी कामे येत, त्यांची पाळी घरोघर फिरत असे. गावात कोणी मेले तर मैलोन् मैल चालत जाऊन नातेवाइकांना सांगावा द्यायचा. मेलेले ढोर ओढायचे. सरकारी अंमलदार आला तर त्याच्या घोड्यापुढे धावायचे, त्याचे सामान वाहायचे. चावडीवर रात्रंदिवस हजर राहायचे. त्याबद्दल रोख पगार नाही. वतनाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदार फिरून मागितलेली भाकरी, एवढाच मोबदला. 1874 च्या वतन कायद्याने ही गुलामी पक्की बांधली होती. हा कायदा बदलावा म्हणून डॉ. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. परंतु ती वतने कायद्याने नष्ट व्हायला 1958 साल उजाडावे लागले.

अशाच एका पाळीवर असताना गावच्या विहिरीत प्रेत सापडले. दामूने राखण केली. पण फौजदाराने विहिरीत उतरून प्रेत बाहेर काढण्याचा हुकूम केला, तेव्हा दामूने साफ नकार दिला. हे आपले काम नव्हे, असे त्याने सांगितले. नकाराची शिक्षा म्हणून भर लोकांत त्याला मारहाण झाली. त्या काळी महाराच्या पोराने फौजदाराला नाही म्हणणे म्हणजे काय होते, याची कल्पना करून पाहावी. मार खाल्लेल्या दामूने त्यानंतर गावात राहणेच नाकारले. पत्नी सोनूला बरोबर घेऊन त्याने मुंबईची वाट धरली.

तो काळ बाबासाहेबांच्या चळवळीने पेटलेला होता. 1930 च्या मार्च महिन्यात नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या सत्याग्रहात हा ओझरचा तरुणही होता. असे हजारो दामू त्यात होते. कोणाचे नाव इतिहासात आले नाही. दामूचे आले, कारण त्याने पुढे ते लिहिले.

सहा मुलांचा बाप

मुंबईत पोटासाठी मिळेल ते काम करत, नोकऱ्या धरत-सुटत दामोदरराव अखेर बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये लागले. वडाळ्याला बिऱ्हाड थाटले. सोनाबाईंनी सहा मुलांचा संसार ओढला. 1956 साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि हे घरही बौद्ध झाले.

या घराची शिकवण आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मुलांनी अमुकच शिकावे, अमुकच व्हावे असा दादांचा हट्ट नव्हता. काय व्हायचे ते तुम्ही ठरवा, पण जे व्हाल त्यात पहिल्या नंबरावर राहा, अशी त्यांची ताकीद असे. चोर जरी झालास तरी जगाने नाव घ्यावे असा हो, असे ते धाकट्याला गमतीने म्हणत. त्या गमतीतला खरा अर्थ मुलांना बरोबर कळला. मुलांतील एक भारतीय प्रशासकीय सेवेत गेले. धाकटे नरेंद्र अर्थशास्त्रज्ञ झाले, अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून त्यांनी 1986 साली डॉक्टरेट मिळवली, रिझर्व्ह बँकेत मोठ्या पदावर काम केले.

हे वाचून कोणी म्हणेल, "मुले मोठी झाली म्हणून बापाची कथा सांगण्यासारखी झाली." आम्हाला तसे वाटत नाही. मुलगा साहेब झाला नसता, बापासारखाच बंदरात कामाला लागला असता, तरी विहिरीच्या काठावरचा तो नकार तेवढाच मोठा राहिला असता. आपल्या वस्तीतल्या कितीतरी बापांनी असे नकार दिले आहेत. त्यांची मुले कारकून झाली, कोणी रिक्षा चालवतो, कोणी वॉचमन आहे. त्यामुळे त्या बापांची किंमत कमी होत नाही.

रिटायर झाल्यावरचा उद्योग

आता त्या लिखाणाची हकिगत. दादा नोकरीतून निवृत्त झाले. जन्मभर कष्ट केलेला माणूस घरी स्वस्थ कसा बसेल? घरातल्या वस्तू उघडायच्या, दुरुस्त करायच्या, असा त्यांचा उद्योग सुरू झाला. दुरुस्ती कमी आणि मोडतोड जास्त होऊ लागली. आपल्यापैकी ज्यांच्या घरी रिटायर झालेले वडील आहेत, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. दादांचा हात गुंतून राहावा म्हणून नरेंद्र यांनी त्यांना सुचवले, की तुम्ही तुमच्या आयुष्याच्या आठवणी लिहा.

आणि दादा लिहायला बसले. शाळेचे फारसे तोंड न पाहिलेला हा माणूस आपल्या स्वतःच्या बोलीत, जसे बोलतो तसे, लिहीत गेला. शुद्धलेखनाची चिंता केली नाही. कोणी छापेल, कोणी वाचेल अशी अपेक्षा ठेवली नाही. त्या लिखाणावरून, आणि त्याला मुलांच्या आठवणींची जोड देऊन, 'आमचा बाप आन् आम्ही' हे पुस्तक तयार झाले. ग्रंथालीने ते 1993 साली प्रसिद्ध केले. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. फ्रेंच भाषेत ते गेले, 2003 साली इंग्रजीत आले, इतर भारतीय भाषांतही गेले. घरातल्या वस्तू मोडू नयेत म्हणून सुरू केलेल्या लिखाणाने ओझरचा येसकर जगाच्या वाचकांपर्यंत पोहोचला.

आपल्या पुण्याशी या घराचे नाते जडले ते 2006 साली. डॉ. नरेंद्र जाधव पुणे विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून आले आणि 2009 पर्यंत त्या पदावर होते. गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत सर्वांनी पाहिलेली आहे. ती इंग्रजी अमदानीत मुंबईच्या गव्हर्नरचे पावसाळ्यातले निवासस्थान होती. ज्या बापाने लहानपणी गोऱ्या साहेबाच्या घरी चाकरी केली, त्याचा मुलगा त्या इमारतीत विद्यापीठाचा कारभार पाहू लागला. पुण्यातील आपल्या कितीतरी घरांना तेव्हा अभिमान वाटला होता. त्याच विद्यापीठाला 2014 साली क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले.

सुभेदार रामजींची आठवण

बापाची आठवण जपण्याचा धडा आपल्याला बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते, पुण्याच्या पंतोजी शाळेत शिकले, लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. पेन्शन थोडी आणि कुटुंब मोठे. मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत सारे बिऱ्हाड. भीमरावांना अभ्यासाला जागा मिळावी म्हणून रामजी त्यांना लवकर झोपवत आणि स्वतः जागे राहून पहाटे दोन वाजता उठवत. मुलाला पुस्तक हवे असले आणि हातात पैसे नसले, की ते लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणत, गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत.

हे आपल्याला कसे कळले? बाबासाहेबांनी स्वतः आठवणींतून सांगितले म्हणून. 1913 साली वडील आजारी असल्याची तार आली तेव्हा बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर होते. मुंबईला येताना सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा सुभेदार अखेरच्या घटका मोजत होते. 2 फेब्रुवारी 1913 रोजी ते गेले. एवढ्या मोठ्या महापुरुषाच्या चरित्रात ती मिठाईची गोष्ट राहिली आहे. ती वाचताना आजही डोळे भरून येतात. पुढे 1923 साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तो त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यात आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या त्यागाची कृतज्ञता व्यक्त केली आहे.

आमच्या घरची वही

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमचे वडील खडकीच्या कारखान्यात कामाला होते. पहाटे सायकलवर डबा अडकवून जायचे, भोंगा झाला की परत. ओव्हरटाइम असला की आम्ही झोपल्यावर यायचे. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. त्यांनी आम्हा चारही भावंडांना शिकवले. दरवर्षी 14 एप्रिलला ते आम्हाला घेऊन मिरवणुकीला जात. देहूरोडच्या विहारात आम्हाला घेऊन गेले की हमखास सांगत, "ही मूर्ती रंगूनहून आणली. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 ला इथं स्वतःच्या हातानं बसवली." बाबासाहेबांविषयी ते तासन् तास बोलत. स्वतःविषयी मात्र एक अक्षर नाही.

84 व्या वर्षी ते गेले. त्यांची पत्र्याची पेटी उघडली. त्यात शाळेच्या फीच्या पावत्या, फंडाचे कागद, युनियनच्या वर्गणीची पावती आणि खाली एक जुनी वही होती. वहीत पहिल्या पानापासून अर्ध्यापर्यंत एकच गोष्ट लिहिलेली. दादांचे स्वतःचे नाव. पहिल्या पानावरचे अक्षर वेडेवाकडे, ओळीतून सुटलेले. नंतर हळूहळू सरळ होत गेलेले. शेवटच्या पानांवर ती सही होती, जी आम्ही जन्मभर आमच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती.

आम्ही समजत होतो की दादा लहानपणी दोन-तीन इयत्ता शिकले असतील. या वहीवरून कळले की ते मोठेपणी सही शिकले. पण कधी? कोणी शिकवली? दिवसभर यंत्रावर उभे राहून आल्यावर रात्री बसून शिकले, की सुट्टीच्या दिवशी? आता विचारणार कोणाला? ज्यांना विचारायचे ते गेले होते. ती वही आम्ही कपाटात ठेवून दिली. तिच्याकडे पाहिले की अपराधी वाटायचे.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या नातीला शाळेत 'माझे कुटुंब' असा प्रकल्प करायला दिला. तिने ती वही पाहिली आणि सरळ आमच्या आईपुढे नेऊन ठेवली. "पणजीआजी, पणजोबांना सही कुणी शिकवली?" आई म्हणाली, "अगं, मीच की!"

आम्ही थक्क झालो. आई माहेरी तिसरीपर्यंत शिकली होती, एवढे आम्हाला ठाऊक होते. तिने सांगितले ते असे. थोरल्याचा जन्म झाला त्या वर्षीची गोष्ट. पगाराच्या दिवशी दादा अंगठा उठवत. अंगठ्याची शाई बोटाला तशीच राही आणि घरी येताना ते हात खिशात घालून येत. एकदा आईने ते पाहिले. तिने विचारले तर बोलेनात. मग तिनेच दुकानातून वही आणली. रात्री पोर झोपले की कंदिलाशी दोघे बसत. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून दार लावून घेत. तीन महिन्यांनी दादांनी पगाराच्या कागदावर सही केली आणि त्या दिवशी पाव किलो जिलेबी आणली. आई म्हणाली, "मला म्हणाले, पोरांना सांगू नकोस. त्यांना वाटू दे बाप शिकलेला हाये."

वाचकहो, दादा गेल्यावर इतकी वर्षे आई आमच्याच घरात, आमच्या डोळ्यांसमोर बसलेली होती. आम्ही तिला एकदाही विचारले नव्हते. बापाचे चरित्र आईच्या तोंडी असते हे आमच्या ध्यानातच आले नाही. तिला विचारले ते एका शाळकरी मुलीने.

आपले वडील का बोलत नाहीत?

आपल्या आधीच्या पिढीने खूप सोसले. गावकीत मार खाल्ला, पाण्यासाठी ताटकळत उभे राहिले, शाळेत दाराबाहेर बसले. पुण्यात येऊन कोणी लष्करी कारखान्यात, कोणी रेल्वेत, कोणी दापोडीच्या एस. टी. वर्कशॉपमध्ये, कोणी नगरपालिकेच्या झाडणकामात राबले. या आठवणी मुलांच्या डोक्यावर नकोत, त्यांनी मान वर करून चालावे, म्हणून ते गप्प राहिले. त्यांच्या गप्प राहण्यात माया होती. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, आपल्याला जे मिळाले ते आपोआप मिळाले असे नातवंडांना वाटू लागले.

आणखी एक समजूत आहे. लिहावे ते मोठ्या माणसांचे, आमच्यासारख्या हमाल-मजुराचे काय लिहायचे! ही समजूत आपण सोडली पाहिजे. आपल्या पुण्यातच शिवराम जानबा कांबळे हे मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी करत होते. दुसऱ्याच्या टेबलावर ताटे मांडणाऱ्या या माणसाने 1908 साली 'सोमवंशीय मित्र' हे पत्र सुरू केले. 1929 च्या पर्वती सत्याग्रहातही ते पुढे होते. नोकरी लहान म्हणून त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही.

1956 साली ज्यांनी कळत्या वयात धम्मदीक्षा घेतली, ते आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. दर महिन्याला विहारात एक तरी पुण्यानुमोदन असते. प्रत्येक कार्यक्रमाबरोबर एक अख्खे पुस्तक न लिहिताच मिटते. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

कसे लिहावे?

यासाठी साहित्यिक असण्याची गरज नाही. आम्हाला अनुभवातून सुचलेल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, "तुमचे आयुष्य सांगा" असे विचारू नये. असे विचारले की म्हातारी माणसे "काय सांगायचं, गेलं दिवस" असे म्हणून विषय संपवतात. लहान, नेमका प्रश्न विचारावा. पुण्यात पहिल्यांदा उतरलात तेव्हा अंगावर काय होते? पहिल्या पगारातून काय आणले? बिऱ्हाडाचे भाडे किती होते? घरातले देव्हारे काढले तेव्हा आजी काय म्हणाली? एका प्रश्नातून दहा गोष्टी निघतात.

दुसरी गोष्ट सालांची. जुन्या माणसांना तारखा आठवत नाहीत. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली 1 जून ही जन्मतारीख तर आपल्यातल्या अनेकांची आहे! तेव्हा मोठ्या घटनेवरून साल काढावे. पानशेतचा पूर आला तेव्हा तुम्ही कुठे होता, असे विचारावे. तो 12 जुलै 1961. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967. मोठा दुष्काळ 1972 चा. बाबासाहेब गेले 6 डिसेंबर 1956. नामांतर झाले 14 जानेवारी 1994. "पुराच्या आधी की नंतर?" एवढे विचारले तरी म्हातारी माणसे बरोबर सांगतात.

तिसरी, कागद जपावेत. शाळा सोडल्याचा दाखला, जुने रेशनकार्ड, कारखान्याचा बिल्ला, फंडाची पावती, युनियनची पावती, दीक्षेच्या वेळचा फोटो, जुनी पत्रे. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत. वीस वर्षांनी फोटोतली माणसे ओळखणारे कोणी उरत नाही.

चौथी, जसे बोलतात तसेच लिहावे. "हाये" ला "आहे" करू नये. ओझरच्या दादांनी आपल्याच बोलीत लिहिले, म्हणून तो माणूस पुस्तकात जिवंत भेटतो. आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. त्यात बोलणे रेकॉर्ड करून ठेवता येते. पण वहीत उतरवून काढावेच. मोबाईल बिघडतो, हरवतो, वही पेटीत राहते.

पाचवी, वडिलांबरोबर आईलाही विचारावे, आणि दोघांना वेगवेगळे बसवून विचारावे. एकत्र बसले तर आई म्हणते, "ते सांगतायत ते बरोबर हाये," आणि तिची गोष्ट राहूनच जाते.

शेवटची गोष्ट, खरे लिहावे. बाप कष्टाळू होता तसा कधी तापटही असेल. कोणाला दारूचे व्यसन असेल आणि ते त्याने सोडले असेल. कोणी सोडले नसेल आणि घराने ते भोगले असेल. सगळे लिहावे. दगडाच्या पुतळ्यापेक्षा चुकलेला, सावरलेला माणूस नातवंडांना जवळचा वाटतो.

विहाराच्या कमिटीला आमची नम्र सूचना आहे. यापुढे पुण्यानुमोदनाच्या वेळी घरातल्या एका मुलाने किंवा मुलीने गेलेल्या माणसाचे आयुष्य दोन पाने लिहून वाचावे आणि ती पाने विहाराच्या कपाटात फाइल करून ठेवावीत. त्याला खर्च काहीच नाही. पण पंचवीस वर्षांनी त्या कपाटात आपल्या वस्तीचा खरा इतिहास जमा झालेला असेल.

आमच्या दादांची वही अर्धी कोरी होती हे वर सांगितलेच. दर रविवारी दुपारी आई खाटेवर बसते, आमची नात खाली सतरंजीवर बसते आणि आई सांगते ते लिहून घेते. आतापर्यंत सतरा पाने झाली आहेत. वहीच्या पहिल्या अर्ध्या भागात दादांचे नाव आहे, पुढच्या अर्ध्यात दादा आहेत.

आपल्याही घरात पेटी आहे, पेटीत वही आहे आणि खाटेवर एखादी माऊली बसलेली आहे. येत्या रविवारी तिच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. ती तुमच्या विचारण्याचीच वाट पाहत असेल.

जय भीम!